चौकशीला आलेल्यांना मी काय सांगितलं

सकाळची शाळा सुटायच्या बेताला मोबाइल बघितला, तर लातूरच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर हात जोडलेल्या खुणांची रांग लागली होती. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘फार वाईट झालं’, ‘परवाच बोलणं झालं होतं’... नाव कुणीच लिहीत नव्हतं. मी अंगठ्यानं वर वर सरकत गेलो. आमच्या वयात अशी बातमी आली की माणूस मनातल्या मनात यादी चालवतो, कुणाला शुगर आहे, कुणाची बायपास झालीय. दत्ता त्या यादीत नव्हताच. फोटो निघाला तो दत्ताचा. कृषी सहायक होता, बिलोलीकडच्या एका शेतात सोयाबीनवरची कीड बघायला गेला, बघता बघता खाली बसला तो उठला नाही. बावन्न वर्षांचा होता. दत्ता हे त्याचं खरं नाव नव्हे, गावंही मी थोडी इकडची तिकडं केली आहेत. त्याच्या पत्नीच्या, म्हणजे वहिनींच्या, सांगण्यावरून हे लिहितोय. त्यांनी ते वाचलं आहे आणि लाल पेनानं दोन ठिकाणी काट मारली आहे. त्या ओळी इथं नाहीत.

लातूरला आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो. मी बी.एस्सी.ला, तो कृषी पदविकेला. गंजगोलाईच्या मागं एका बोळात वरची खोली, दोन खाटा, एक स्टोव्ह आणि नळाला पाणी येईल त्या दिवशी भरून ठेवायच्या चार कळश्या. दत्ता अंगानं दांडगा, मिशा जाड, आवाज असा की नळावर बोलला तर अख्ख्या बोळाला ऐकू जायचा. मेसमध्ये आमच्या पंगतीला उदगीरकडचा एक मुलगा होता, हळू बोलायचा, हात हलवत चालायचा. पोरं त्याला नाही नाही ते म्हणायची. ‘ए बाई, भाजी वाढ!’ असं कुणी म्हटलं की सगळी खिदळायची. सगळ्यांत मोठ्यानं दत्ता हसायचा. मीही हसायचो. त्या उदगीरच्या मुलाला आज नातवंडं आहेत. दर दिवाळीला ग्रुपवर बायकोबरोबरचा फोटो टाकतो. म्हणजे आम्हाला वाटायचं की आपल्याला माणूस बघता क्षणी कळतो, आणि ज्याच्याबद्दल कळलं होतं त्याचं तसं काहीच नव्हतं.

मग दत्ताचं मला कसं कळलं? हा प्रश्न गेले दोन महिने मी स्वतःला विचारतोय आणि दर वेळी उत्तर बदलतं. समोरच्या खोलीत औशाचा एक मुलगा राहायचा, व्हॉलीबॉल खेळायचा. त्याला पुण्याला कंपनीत नोकरी लागली. दत्ता त्याची पेटी डोक्यावर घेऊन स्टँडपर्यंत गेला, त्याला गाडीत बसवून आला आणि न जेवता स्टोव्ह उघडून बसला. बर्नर, पिन, वायसर सगळं सुटं करून राखेनं घासत राहिला. मी खाटेवर पुस्तक घेऊन पडलो होतो. ‘काय झालं रे?’ म्हटलं. ‘धूर मारून राहिलाय,’ तो म्हणाला. स्टोव्हला धूर नव्हता. कालच मी त्याच्यावर भात केला होता. त्याची माझ्याकडं पाठ होती आणि त्या पाठीवरून मला कळलं. काय कळलं, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आमच्याकडं त्यासाठी एकच शब्द होता आणि तो शिवीचा होता. दोस्त गेल्यावर कुणालाही वाईट वाटतं, मलाही वाटलं असतं... पुढं जे घडलं त्यानं ती पाठ मी माझ्या मनात नंतर रंगवलीही असेल. पण एक गोष्ट मी रंगवलेली नाही. त्या दिवसापासून मी कपडे बदलायला खाली न्हाणीत जाऊ लागलो. आधी जात नव्हतो. दत्तानं कधी विचारलं नाही का जातोस म्हणून. त्याच्या लक्षात आलं नसेल असं म्हणायची मला सोय नाही.

पुढं मी उमरीला शाळेत लागलो, गणित शिकवायचो. तो बिलोलीकडं नोकरीला. एका दुपारी काही न कळवता उमरीच्या स्टँडवर उतरला. हॉटेलात चहा सांगितला, पण कपाला हात लावला नाही.

‘देगलूरकडचं स्थळ आलंय,’ म्हणाला. ‘मुलगी मास्तरीण हाय. ते लोक चौकशीला तुझ्याकडं येतील.’

‘येऊ दे की.’

‘तू कायतरी सांग त्यांना.’

‘काय सांगू?’

‘कायबी. फिट येते म्हण.’

‘येते का तुला?’

‘न्हाई.’

‘मग?’

त्यानं माझ्याकडं बघितलं. ‘मोडून टाक गड्या. माझ्या बापाला मी न्हाई म्हणू शकत न्हाई. तू... तुला तर...’ मी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. ‘येडा का तू? नोकरीवाली पोरगी सोडतोस? लग्न झालं की सगळं जागेवर येतं.’ काय जागेवर येतं, ते मी बोललो नाही, त्यानं विचारलं नाही. ‘हाव,’ एवढंच म्हणाला, आणि बस लागली तसा निघून गेला.

महिन्याभरात ते आलेच. मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी दोघं जण उभे होते, धोतर-टोपीतले मुलीचे वडील आणि तिचे मामा. लग्न ठरवताना मुलाच्या माघारी त्याच्या शेजाऱ्याला, किराणा दुकानदाराला, हाफिसातल्या शिपायाला विचारायची आपली पद्धत. त्यात खोलीतला जोडीदार म्हणजे सगळ्यांत पक्का साक्षीदार. निंबाखालच्या बाकावर बसलो.

‘सर, पोरगं पितंय का?’ मामांनी सुरुवात केली.

‘नाही.’

‘पत्ते, मटका?’

‘नाही.’

‘तुम्ही दोस्त, तुम्ही न्हाईच म्हणणार,’ मामा हसले. ‘मी तरी कुठं माझ्या दोस्ताचं खरं सांगतो!’

वडील हसले नाहीत. आवाज खाली करून म्हणाले, ‘सर, एकुलती लेक हाय. कुण्या बाईचं लफडं, तसलं काही असलं तर आत्ताच सांगा. तुमचं नाव आम्ही कुठं काढणार न्हाई.’

आणि मी म्हणालो, ‘काका, तीन वर्षं एका खोलीत काढली. पोरीकडं मान वर करून बघताना मी त्याला कधी बघितलं नाही.’

शब्दन् शब्द खरा होता. ‘बघा दाजी!’ मामा म्हणाले. वडिलांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मी असं का केलं? लग्नानं माणूस सुधारतो असं मला तेव्हा वाटायचं, हे एक कारण. पण ते खरं कारण नाही. मोडायचं तर काहीतरी सांगावं लागलं असतं, आणि त्यांनी विचारलं असतं, सर, हे तुम्हाला कसं ठाऊक? तीन वर्षं एका खोलीत राहिलेला मी. माझंही लग्न ठरायचं होतं. त्या दोघांच्या नजरेत माझ्याबद्दल काही उमटलं असतं, त्याची मला भीती वाटली. एवढीच गोष्ट आहे. ती सांगायला मला तेवीस वर्षं लागली.

लग्न झालं. मूल झालं नाही. आमच्याकडं अशा वेळी काय होतं ते सांगायला नको. जावा बोलल्या, सासू बोलली, वहिनींनी माहूरच्या पायऱ्या चढून नवस बोलला, नांदेडला दोन दवाखाने झाले. माझी बायको एकदा म्हणाली, ‘लातूरला चांगली डॉक्टरीण आहे म्हणं, तुम्ही पत्ता काढा की.’ मी पत्ता काढला. स्वतःच्या हातानं चिठ्ठीवर लिहून वहिनींना दिला. दत्ता शेजारी बसला होता, त्यानं चिठ्ठीकडं बघितलं आणि उठून गाईला पाणी दाखवायला गेला. वहिनींनी ती चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली, ‘आभारी आहे भाऊजी’ म्हणाल्या. मी महिन्या-दीड महिन्यातून त्यांच्याकडं जायचो. जेवायचो, पीकपाण्याच्या गप्पा मारायचो, संध्याकाळच्या बसनं परत. नवराबायको एकमेकांशी नीट वागायची. भांडताना मी त्यांना कधी बघितलं नाही, आणि त्याचा मला आधार वाटायचा.

तेराव्याला मांडवात पंगत बसायच्या आधी वहिनींनी मला बाजूला बोलावलं. ‘भाऊजी, एक विचारते, खरं सांगा. लग्नाआधी तुम्हाला म्हायीत होतं का?’

‘काय, वहिनी?’

‘काय ते तुम्हाला समजलंय.’

‘नाही,’ मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि पत्रावळी पुरतात का बघायला गेल्या.

पुढचे तीन आठवडे मी फळ्यावर सोपी गणितं चुकवत होतो. मग एका रविवारी सकाळी नांदेडहून, आता मी तिथंच राहतो, बस धरली. वहिनी ओसरीत वह्या तपासत बसल्या होत्या. मी चप्पल काढता काढताच बोलून टाकलं, नाहीतर बोललो नसतो. ‘हो वहिनी. मला कळलं होतं. लातूरलाच.’

त्यांनी पेन खाली ठेवला. ‘कशावरून?’

मी स्टोव्हचं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि एकदम हसल्या. ‘एवढ्यावरून? माझे वडील रोज स्टोव्ह पुसायचे, मग त्यांचं काय म्हणायचं?’ मलाही हसू आलं, आणि लाज वाटली. त्यांनी सांगितलं, दत्तानं लग्नाच्या सहाव्या वर्षी स्वतःहून सगळं सांगितलं. ‘लई रडले. मी म्हणलं, मला म्हायीत हाय, आधी जेवून घ्या.’

‘तुम्हाला कसं कळलं होतं?’

‘बाईला कळतं की,’ त्या म्हणाल्या. मग हातातली वही मिटत, ‘पण समदं न्हाई कळत. माझंच बघा. मला वीस वर्षं वाटून राहिलं होतं की ह्यांच्या मनातलं जे कुणी हाय ते तुम्हीच.’

‘मी?’

‘तुम्ही. तुम्ही यायच्या दिवशी दोनदा दाढी व्हायची. भाजी काय करायची ते मला सांगायचे, एरवी ताटात काय पडलं ते बघत नसत. मी तुमच्या ताटात मुद्दाम मीठ जास्त टाकायचे. तुम्ही गुपचूप खायचे, मग तर माझी खात्रीच झाली.’

‘वहिनी, तसं काही नव्हतं. शपथेवर सांगतो.’

‘तुमच्याकडून नसंल,’ वहिनी म्हणाल्या.

त्याचं कळूनही मी लपवलं म्हणून इतकी वर्षं स्वतःला अपराधी मानत होतो, आणि त्यातलं माझ्यापुरतं जे होतं तेच मला कळलं नव्हतं. का कळलं होतं, म्हणून मी न्हाणीत जात होतो? वहिनींनी चुकीचा माणूस ओळखला होता की बरोबर ओळखला होता? मी माझ्या आत हात घालून बघितला, तिथं काही सापडलं असं म्हणवत नाही, नाही असंही म्हणवत नाही... संसारी माणूस आहे मी, दोन मुलं आहेत. पण दत्ता गेल्याची बातमी वाचली त्या दिवशी मी घरी न जाता संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसून राहिलो, माझा सख्खा भाऊ वारला तेव्हाही माझं तसं झालं नव्हतं.

वहिनी वह्यांचा गठ्ठा सारखा करत होत्या. ‘ते तसे होते याचा राग न्हाई मला. माणूस चांगला होता. माझा राग एकाच गोष्टीचा. स्वतःचं स्वतःला म्हायीत होतं तर एकदा तरी मागं सरायचं होतं. बोहल्यावर चढेपर्यंत एका शब्दानं न्हाई म्हणले न्हाईत. विचारलं तर नुसते गप. तेवढं मी त्यांना शेवटपर्यंत माफ केलं न्हाई.’

इथं मी गप्प बसलो असतो तर चहा पिऊन परत येता आलं असतं. पण मी उमरीच्या हॉटेलातलं सांगितलं. फिट येते म्हण, मोडून टाक, सगळं सांगितलं. निंबाखाली त्यांच्या वडिलांना मी काय म्हणालो, तेही.

‘ह्यांनी? ह्यांनी सांगितलं होतं, मोडा म्हणून?’ त्यांनी तीनदा विचारलं. मी तीनदा हो म्हणालो. मग त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज येत राहिला, घासलेलीच भांडी असणार. बाहेर आल्या तेव्हा पदरानं हात पुसत होत्या. ‘तुमचं नाव घेतलं न्हाई त्यांनी कधी. म्हणजे तुमच्यासाठी माझा राग अंगावर घेतला.’

‘वहिनी...’

‘माफीबिफी मागू नका. मी करणार न्हाई. माझा बाप मरेपर्यंत तुमचं नाव काढायचा, सर लई भला माणूस म्हणून.’ त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. ‘पण तुम्ही पेपरात लिहिता ना? मग हे लिहा. त्यांनी मोडायला सांगितलं होतं, हे लिहा. दुसरं काय लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा.’

मी हो म्हणालो. जेवायला त्यांनी वाढलं. बस साडेपाचची होती. म्हणाल्या, तोवर बाहेरच्या खोलीत पडा. ती दत्ताची खोली. सागाचा दिवाण, दोघांना पुरेल एवढा रुंद. मी इतक्या वेळा आलो, पण नेहमी खुर्चीवर बसायचो, दिवाण कधी नीट बघितला नव्हता. गादी भिंतीच्या बाजूनं लांबलचक खचलेली, आणि अलीकडची अर्धी बाजू नव्यासारखी, फुगीर.

‘एवढा रुंद कशाला करून घेतला? तो तर एकटाच झोपायचा ना?’ मी विचारलं.

‘सुताराशी भांडून करून घेतला. आणि झोपायचे भिंतीला चिकटून. मी लई वेळा म्हणलं, पसरून झोपा की, जागा कुणासाठी ठेवून राहिलात?’ त्यांनी उशी झटकून ठेवली आणि दारातून मागं वळून म्हणाल्या, ‘तुम्हाला लई कळतं ना भाऊजी? बघा काय कळतंय का.’

मी अलीकडच्या बाजूला आडवा झालो. दार उघडंच होतं. भिंतीकडचा तो खड्डा माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर होता. हात टाकावा असं वाटलं, टाकला नाही, मग टाकला. गादी गार होती. काही कळलं नाही. साडेचारला वहिनींनी आत चहा ठेवल्याचा आवाज आला, तरी मी तसाच पडून होतो.