चुन्याची रेघ

मुकादमाला गोठ्यावरचे सगळे मागून 'चुना' म्हणायचे आणि ते त्याला ठाऊक होतं. हे नाव काही जुनं नव्हे. घशाच्या तापाची साथ आली तेव्हा पडलं. त्याआधी तो नुसता मुकादम, त्याची बायको मुकादमीण, आणि दोघं मिळून तो गोठा चालवायची. मालक दूर शहरात राहायचा आणि फोनवरून ओरडायचा. गोठा तरी कसला, पत्र्याच्या छपरांचं गावच ते! दुभत्या गायींचं छप्पर, गाभण गायींचं, वासरांचं, पलीकडे चाऱ्याचं कोठार, आणि कुंपणाला लागून माणसांच्या खोल्या. खोल्यांची छपरं गायींच्या छपराहून ठेंगणी. कुणी त्यावरून कुरकुर केली की मुकादमीण म्हणायची, "गायी दूध देतात बाबा. तू काय देतोस?"

आता ही गोष्ट समजायला गायींचा स्वभाव ठाऊक हवा. कारखान्यात एक माणूस आजारी पडला तर दुसरा उभा करता येतो. गोठ्यात ते चालत नाही. गायीला हाताची सवय लागते. अनोळखी हात कासेला लागला की ती पान्हा चोरते, दूध आतच ठेवते, आणि मग कास दगडासारखी होऊन बसते. म्हणून इथे माणसं मोजकी आणि जुनी. बोलावण्याचंही तसंच. गायी दिवसभर मागच्या आवारात मोकळ्या असायच्या आणि धारेच्या वेळी शिट्टी ऐकून फाटकाशी यायच्या. पितळेची जुनी शिट्टी होती, फाटकाच्या खांबावर खिळ्याला टांगलेली. वासरं होत्या तेव्हापासून त्यांना तिची सवय. दुसरं काहीही वाजवा, ढुंकून बघायच्या नाहीत.

साथ आधी शेजारच्या कोंबड्यांच्या फार्मवर आली. तिथली सगळी माणसं एकाच खोलीत जेवायची, एकाच खोलीत झोपायची, ती एकदमच अंथरुणाला खिळली. कोंबड्यांना पाणी घालायला कुणी उरलं नाही. वास आला तेव्हा लोकांना कळलं. मुकादम तिथे मदतीला गेला होता आणि परत आला तो जेवलाच नाही. दुसऱ्या दिवशी तो तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आला.

बाईंनी सगळ्यांना आवारात लांब लांब उभं केलं. म्हणाल्या, हा ताप श्वासातून जातो, थुंकीतून जातो, उष्ट्यातून जातो. धडधाकट माणसाला दोन दिवस घसा धरून सोडून देतो, आणि छाती अधू असलेल्याला मात्र सोडत नाही. मग मुकादमाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माणसांच्या दोन टोळ्या करा. एकीने दुसरीचं तोंडही बघायचं नाही. एक पडली तर दुसरी उभी राहील."

छाती अधू म्हटल्यावर मुकादमाचं लक्ष आपसूक बायकोकडे गेलं. दोन वर्षांमागे तिला न्यूमोनिया झाला होता. त्यातून ती उठली, पण फुफ्फुस काही पहिल्यासारखं झालं नाही. गवताचा भारा उचलला की भिंतीला टेकायची आणि वर हसायची. बाकीच्यांना काही झालं असतं तर मुकादमाला वाईट वाटलं असतं. हिला काही झालं तर आपण संपलो, हे त्याला त्या आवारात उभ्या उभ्याच समजलं होतं.

मग काय, माणूस पेटलाच. चुन्याच्या भुकटीचं पोतं आणलं आणि गोठ्याच्या मधोमध रेघ मारली. अलीकडे सकाळची टोळी, पलीकडे संध्याकाळची. दारं वेगळी, नळ वेगळे, पेले वेगळे, हात पुसायची फडकी वेगळी. एका सिगारेटचे दोघांनी झुरके घेतलेले दिसले तर घरी. एकाच्या डब्यात दुसऱ्याचा चमचा दिसला तर घरी. "कुणाचं उष्टं कुणाच्या तोंडात जाता कामा नये!" हे तो इतक्या वेळा म्हणाला की माणसं त्याच्या आवाजात नक्कल करू लागली. गायींच्या पायांनी रेघ पुसली जायची आणि हा रोज ओणवा होऊन ती नव्याने ओढायचा. भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरा फटक. नाव पडणारच.

टोळ्या पाडताना संध्याकाळच्या टोळीत त्याने निवडून निवडून धट्टीकट्टी, एकटी राहणारी माणसं घातली आणि त्यांच्यावर बायकोला नेमलं. सकाळची टोळी स्वतःकडे ठेवली. बाहेरून येणारे टँकरवाले, चारावाले सकाळीच यायचे. धोका काय असेल तो आपल्या बाजूला, असा त्याचा हिशेब.

"म्हणजे नवराबायकोचीही वाटणी?" मुकादमीण म्हणाली.

"मी कोठारात झोपेन. तू खोलीत."

"आणि भांडायचं कुणाशी?"

"रेघेवरून भांड."

आणि खरंच भांडायची. दुपारी दोन्ही टोळ्या आपापल्या खोल्यांत असल्या की ही तिच्या बाजूला बादली पालथी घालून बसायची आणि तो चांगला दहा-बारा पावलं लांब, कडब्याच्या पेंढीवर. ती ओरडून विचारायची, शर्ट बदललात का? तो ओरडून सांगायचा, बदलला. "खोटं! कॉलर दिसतेय मला इथून!" मग तो कॉलर आत दुमडायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हा माणूस बायकोशी चारचौघांत चार शब्द धड बोलला नव्हता. आता रोज सगळ्या गोठ्याला ऐकू जाईल असा संसार चालला होता. माणसं खिडकीतून ऐकायची आणि हसायची. चांगले दिवस होते म्हणायला हरकत नाही, भीती होती तरी.

पहिला सापडला लंबू. सकाळच्या टोळीतला सगळ्यात चांगला धार काढणारा. गायीच्या पोटाला डोकं लावून, तोंडात बाही कोंबून खोकत होता. मुकादमाने त्याला उठवलं.

"कधीपासून?"

"काही नाही हो, धूळ गेली."

"माझ्याकडे बघून सांग."

लंबूच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तापाचं की भीतीचं, कोण जाणे. "घरी बसवलंत तर खायचं काय, मुकादम?"

"रोज बुडणार नाही तुझा, माझा शब्द आहे. पण खोकला लपवलास तर तोंड दाखवू नकोस परत." आणि त्याला जुन्या औजारांच्या खोलीत वेगळं ठेवलं, दाराबाहेर जेवण पोहोचवलं. हा शब्द महागात पडला. मालक फोनवर इतका ओरडला की मुकादमाने फोन कानापासून लांब धरला. पण त्या शब्दामुळे एक झालं. माणसं लपवेनाशी झाली. आणखी दोघं आपणहून म्हणाले, आमचा घसा धरलाय. तेही खोलीत गेले.

आता सकाळच्या टोळीत माणसं उरली किती? धारा थांबत नाहीत. मुकादम स्वतः बसला. लंबूच्या गायींनी त्याला लाथा घातल्या, पान्हा चोरला, त्याच्या नाकी नऊ आणले. त्यातून उठला की रेघ ओढायला, रेघ झाली की आजाऱ्यांच्या दाराशी. तेव्हा कधीतरी त्याचाही घसा खवखवायला लागला. अंग कणकणत होतं. त्याने चुन्याच्या पोत्याकडे बघितलं आणि मनाशी म्हणाला, रोज नाकातोंडात चुना जातोय, घसा धरणार नाही तर काय होणार! थकवा तर होताच. दुसऱ्या कुणी त्याला हे कारण सांगितलं असतं तर त्याला हाकललं असतं त्याने. लंबूला हाकललंच की! पण स्वतःला हाकलायचं तर सकाळच्या धारा काढायच्या कुणी? दोन दिवसांत घसा मोकळा झाला. बघा, चुनाच होता, असं म्हणून तो विसरूनही गेला.

त्यानंतर एका दुपारी मुकादमीण बादलीवर येऊन बसली नाही.

तो रेघेपाशी उभा राहून हाका मारत राहिला. संध्याकाळच्या टोळीत वासरांकडे बघणारी एक काकू होती. ती खोलीत डोकावून आली आणि लांबूनच म्हणाली, "अंग चटका बसेल असं तापलंय. धाप लागलीय." तेव्हा मात्र मुकादम रेघेवरून धावत गेला. दवाखान्याची गाडी येईपर्यंत तो तिची पाठ चोळत होता आणि ती त्याला हाताने मागे ढकलत होती. "लांब व्हा. टोळी मोडली तुमची."

डॉक्टरीणबाईंनी तिला दाखल करून घेतलं, मग त्याला तपासलं, मग तिच्या टोळीतल्या एकेकाला. बाहेर येऊन त्या बाकावर त्याच्यापासून लांब बसल्या. "तुम्हाला होऊन गेलाय ताप. हलका होता. तिच्या टोळीत मात्र कुणालाच नाही. मग तिला आला कुठून? भेटत होतात?"

"देवाशप्पथ नाही, बाई. रेघ ओलांडली नाही मी. तिच्या पेल्याला हात लावला नाही. लांबून बोलायचो, तेही वाऱ्याची दिशा बघून." आणि तो ढसाढसा रडला. एवढा दांडगा माणूस, पण त्याला आवरता येईना. होऊन गेलाय, म्हणजे तो चुना नव्हता, एवढं त्याला कळलं होतं. तिच्यापर्यंत पोहोचला कसा, ते कळत नव्हतं, आणि त्यानेच तो वेडा व्हायची पाळी आली होती.

ते कळलं दुसऱ्या दिवशी. धारेची वेळ झाली, मुकादमीण नव्हती, म्हणून बोलवायचं काम काकूकडे आलं. मुकादम फाटकापासून लांब कुंपणाला टेकून बसला होता. काकूने खिळ्यावरची शिट्टी काढली, तोंडाशी नेली, मग थांबली आणि बाहीने ती खसाखसा पुसली.

बस. तेवढंच केलं तिने. कुठलंही माणूस करेल तेच. आणि मुकादमाच्या पायाखालची जमीन सरकली. सकाळी तीच शिट्टी तो वाजवायचा आणि खिळ्याला अडकवायचा. संध्याकाळी तीच मुकादमीण वाजवायची. पेले वेगळे केले, फडकी वेगळी केली, सिगारेटी विझवल्या, माणसांच्या तोंडचं उष्टं म्हणून जे जे असतं ते सगळं त्याने शोधून काढलं. शिट्टी त्याच्या डोक्यातच आली नाही. ती त्याच्या लेखी माणसांची वस्तूच नव्हती, गायींची होती. दाव्यासारखी, घंटेसारखी. घसा खवखवत होता त्या दोन्ही सकाळी त्याने ती वाजवली होती, आणि गायी रमतगमत आल्या म्हणून चांगली दमदार वाजवली होती.

"टाक ती!" तो असा किंचाळला की काकूच्या हातून ती पडलीच. त्याने धावत जाऊन ती उचलली आणि चुन्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाशी खुपसली. काकू बघतच राहिली. तिला वाटलं, बायकोच्या काळजीने मुकादमाचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या धारा उरकून तो दवाखान्यात गेला. सगळं सांगून टाकायचं, तिने शिव्या घातल्या तर खायच्या, असं ठरवून गेला होता. आत सोडत नव्हते. काचेच्या पलीकडे ती उशांना टेकून बसली होती, नाकाला नळी, चेहरा मुठीएवढा झालेला. नर्सने तिच्या कानाला फोन लावला.

"गायी येतात का?" तिने पहिलं हेच विचारलं.

"येतात."

"शिट्टी कोण वाजवतं?"

"कुणी नाही. मी बादली बडवतो."

"बादलीला कशा येतील त्या? शिट्टी कुठे गेली?"

मुकादमाने तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "हरवली."

"हरवली? अहो, काय माणूस आहात तुम्ही!" तिला धाप लागली. नर्सने फोन काढून घ्यायला हात पुढे केला, तिने मान हलवून नको म्हटलं. "मी घरी आल्यावर ती माझ्यापाशीच ठेवणार होते. हसू नका हं. साऱ्या गोठ्याचं उष्टं बंद केलंत. कपातलं नाही, ताटातलं नाही. तेवढी एक शिट्टी राहू दिलीत. मी म्हटलं, बघा, मुकादमाला पण आहे हो मन! मी कधी पुसली नाही ती. तशीच वाजवायची."

मुकादम काचेला हात लावून उभा राहिला.

"काय झालं? लाजलात?"

"हो," तो म्हणाला.

ती हसली. त्याने तिचं पाहिलेलं ते शेवटचं हसणं. ती परत आली नाही.

लंबू बरा झाला, इतर दोघंही बरे झाले. संध्याकाळच्या टोळीतलं दुसरं एकही माणूस पडलं नाही. दोन टोळ्यांची युक्ती नामी निघाली, असं खुद्द मालक फोनवर म्हणाला आणि मुकादमाचं कौतुक केलं. मुकादमाने ते ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. लंबूने एकदा विचारलं, "नवी शिट्टी आणू का?" तर त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा बोलला नाही.

बादलीला गायी आल्या नाहीतच. संध्याकाळी मुकादम फाटकाशी उभा राहून बडव बडव बडवायचा आणि त्या आवारात कान टवकारून, माना वर करून, खांबावरच्या मोकळ्या खिळ्याकडे बघत उभ्या राहायच्या. मग तो बादली खाली ठेवायचा, आत जायचा, आणि एकेकीला गळ्याला हात घालून घेऊन यायचा.