फडक्यांवरच्या चिठ्ठ्या

आमच्या रिहे खोऱ्यात संघटनेची सभा असली की मी पहिला निरोप इंदूबाईंना देतो, दुसरा हैबतरावांना. हैबतराव अध्यक्ष आहेत. पण अध्यक्ष आले की खुर्ची भरते, इंदूबाई आल्या की सभा भरते. मी संघटनेचा चिटणीस. पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि उरलेल्या वेळात संघटनेचे ठराव आणि याद्या टाइप करतो. इंदूबाई माझ्या आईच्या वयाच्या, तरी मला ‘शेखरदादा’ म्हणतात. इथे लिहिताना मी त्यांना अहो-जाहो करतोय, बोलताना कधी केलेलं नाही. गावात तशी पद्धत नाही, असं म्हणून मी मोकळा होतो.

त्या खालच्या आळीत राहतात. खालची आळी म्हणजे बौद्धांची तीसेक घरं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा अतुल कारखान्यात कंत्राटी कामगार आहे, सून मोनिका अंगणवाडीत मदतनीस. पावसाळ्यात इंदूबाई आमच्या वरच्या आळीच्या खाचरांत भात लावायला येतात आणि डोंगरकडेच्या गायरानावर स्वतःची नाचणी करतात. गायरानाचा तो तुकडा त्यांच्या सासऱ्याने दगड वेचून तयार केलेला. सातबाऱ्यावर मात्र नाव सरकारचं. खालच्या आळीत सगळ्यांचंच असं आहे.

चार वर्षांपूर्वी कारखान्यांची वसाहत आमच्या खोऱ्यात सरकणार अशी नोटीस आली आणि नरहरी गुरुजींनी संघटना काढली. गुरुजी आता नाहीत. त्यांनी एक रीत घालून दिली होती. संघटनेच्या दरवर्षीच्या परिषदेला जेवण विकत आणायचं नाही. पिठलं तिथेच शिजवायचं आणि भाकरी प्रत्येक आळीने घरोघर गोळा करून फडक्यात बांधून आणायची. दारात एक मोठी चादर अंथरलेली असे. सगळी फडकी तिच्यावर मोकळी करायची, मग कुणाची भाकरी कुणाच्या हातात गेली याचा पत्ता लागत नसे. गुरुजी भाषण फार करायचे नाहीत. चादर अंथरली की झालं, असं म्हणायचे.

खालच्या आळीची भाकरी गोळा करायचं काम इंदूबाईंचं. तांदळाची पातळ, मऊ भाकरी, दुमडली तरी न तुटणारी. मीही तीन परिषदांत ती खाल्ली असणार.

यंदाची परिषद पिरंगुटच्या एका मंगल कार्यालयात झाली. इंदूबाईंना तिथून एकच गोष्ट हवी होती. जमीन जाणाऱ्यांची जी यादी संघटना पौडच्या तहसील कचेरीत देणार होती, तिच्यात गायरान कसणाऱ्यांची नावं घालावीत, असा ठराव. यादीत नाव नसेल तर उद्या तुकडा गेल्यावर त्यांना कोण विचारणार? ठराव मीच टाइप केला, अकरा नंबरचा. त्यांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि सासऱ्याचं नाव बरोबर लिहिलंय ना, ते तिसऱ्यांदा विचारलं.

मी यंदा एक सुधारणाही केली होती. गेल्या वर्षी चादरीच्या गोंधळात फडकी हरवली आणि दोन बायकांची चांगलीच जुंपली. म्हणून मी ठरवलं की भाकऱ्या ओतायच्या नाहीत. प्रत्येक फडकं टेबलावर ओळीने ठेवायचं, त्याला चिठ्ठी टाचायची, चिठ्ठीवर गाव आणि आळी, आणि शेवटी ज्याचं त्याला परत. स्टोअरमध्ये मी हेच करतो. हैबतराव म्हणाले, “शिकल्याल्या माणसाचं काम असं असतंय.” मलाही बरं वाटलं.

जेवणं उरकली तेव्हा टेबलावरची फडकी रिकामी लोळत होती. तीन मात्र भरलेली होती. आमची खालची आळी आणि शेजारच्या दोन गावांच्या खालच्या आळ्या. कुणी काही बोललं नव्हतं, कुणी नाक मुरडलं नव्हतं. माणसं रांगेत पुढे सरकली, चिठ्ठ्या वाचल्या आणि हात पुढच्या फडक्यात गेले. माझ्या ताटातली भाकरी कुठली, ते मी आठवून पाहिलं. वरच्या आळीची, माझ्याच बायकोने केलेली. मला लाज वाटली. चिठ्ठ्या काढून टाकाव्यात असं वाटलं, पण आता काढून काय उपयोग होता?

इंदूबाई टेबलाशी आल्या. फडकं उघडून पाहिलं आणि परत गाठ मारली.

“शेखरदादा, ह्या चिठ्ठ्या तुमी लिवल्या?”

“फडकी हरवत्यात म्हणून लिवल्या.”

“व्हय. यंदा फडकं न्हाई हरवलं,” त्या म्हणाल्या आणि सभेत जाऊन बसल्या.

दुपारी माइकवर दोन तट भांडले. एकाचं म्हणणं, भाव वाढवून घ्या आणि जमीन द्या. दुसऱ्याचं म्हणणं, एक गुंठाही द्यायचा नाही. तासभर एकमेकांना दलाल आणि अडाणी म्हणून झालं. मग अकरावा ठराव आला आणि दोन्ही तट दिवसात पहिल्यांदा एका बाजूला आले. दोघांचंही म्हणणं एकच, पुढच्या वेळी बघू.

हैबतराव उठले. “ह्यो आपल्या घरातला विषय हाय. घरात बसून मिटवू. आज भायेर एकी दिसली पायजे.” टाळ्या पडल्या.

इंदूबाई जागेवरच उभ्या राहिल्या. “घरातला विषय हाय, तर घरातली माणसं यादीत का न्हाईत?”

“पुरवणी यादी करू की.”

“कवा?”

हैबतरावांनी घड्याळ पाहिलं आणि बारावा ठराव वाचायला सांगितला. वाचणारा मीच होतो. मी वाचला. इंदूबाई रुसून निघून गेल्या नाहीत, शेवटपर्यंत बसल्या. जाताना फडकं उचललं आणि चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली.

दोन दिवसांनी यादी छापून कचेरीत दिली. गायरान कसणाऱ्यांची ती तीस नावं माझ्याकडे होती. टाकली असती तर हैबतरावांना महिनाभर तरी कळलं नसतं. मी नाही टाकली. चिटणिसाने ठराव नसताना नावं घालायची नसतात, हे कारण मी स्वतःला दिलं. कारण बरोबरच होतं, त्याचाच जास्त त्रास होतो.

पुढच्या सोमवारी पौडला मोर्चा ठरला. हैबतराव माझ्या घरी येऊन बसले. “खालच्या आळीला फोन लाव. बायका तितल्याच लई येत्यात, घोषणा बी त्याच देत्यात.”

मी फोन लावला. “इंदूबाई, सोमवारी मोर्चा हाय. तुझ्या आळीतून किती जणी येताल?”

“यादीत नावं हायेत तेवढ्या,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. लावणीला उद्या किती बाया मिळतील, ते सांगतात तशाच बोलल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

“काय म्हणली?” हैबतरावांनी विचारलं. “किती टेम्पो धाडायचं तिकडं?”

“टेम्पो लागणार न्हाई,” मी म्हणालो.