इस्त्रीवाल्या मावशीचा व्यत्यय

माझी मावशी इस्त्रीवाली. चाळीस वर्षं एकाच टेबलापाशी उभी आणि तोंडात एकच गाणं. तेही तिनेच केलेलं. काका एक दिवस "आलोच" म्हणून बाहेर पडले ते पडलेच. त्यांचा शर्ट टेबलावर राहिला. मावशी दर आठवड्याला त्याला कडक इस्त्री करायची आणि त्यालाच विचारायची:

बाही गं बाही, तुझा हात कुठे गेला?
येतो म्हणून गेला, तिकडचाच झाला.

पुढे मावशीच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, सोमवारी ऑपरेशन. जीव राहील, आवाज जाईल. घरी येऊन मावशी म्हणाली, "गेला तर गेला, भांडायला हात आहेत. पण माझं गाणं तेवढं कुठेतरी राहू दे गं." मला रडूच फुटलं. तर माझ्यावरच खेकसली, "कपड्यांवर रडू नकोस, डाग पडतात!"

गावात लोकगीतं जमवणारं एक कार्यालय होतं. तिथले साहेब गळ्यात सदानकदा हेडफोन अडकवून बसायचे. त्यांनी विचारलं, "गाणं कोणाचं?"

"माझं," मावशी म्हणाली.

साहेबांनी फॉर्म मागे ओढला. "मग लोकगीत कसं? वेगवेगळ्या घरच्या तीन माणसांना आलं पाहिजे. आणि कोणी केलं हे माहीत असता कामा नये."

"मला माहीत आहे ना!"

"तुम्ही विसरा."

आता काय बोलायचं, सांगा! पण मावशी हटणारी नव्हे. बुधवारपासून तिने कपडे अडवून धरले. गाणं म्हण, पँट ने! बँकेतला कॅशियर कमरेला टॉवेल गुंडाळून भर रस्त्यात "बाही गं बाही" करत उभा. सायकलवाला मात्र कुरकुरला, "मावशी, फार रडकं आहे हो. पंक्चर काढताना म्हणवत नाही." त्याने आपल्या अकलेने दुसरी ओळ केली: "बाजाराला गेला, भाजी घेऊन आला." गल्लीला ती एवढी आवडली की शनिवारपर्यंत पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे भाजीच आणत होते. मावशी एकेकाला पकडून सुधारत होती. तिचा घसा बसायला आला, पण लोक ऐकतील तर शपथ.

रविवारी साहेब ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन दुकानात आले. गाणं करणारी समोर नको, म्हणून त्यांनी मावशीला पडद्यामागे बसवलं. सायकलवाला म्हणाला, भाजी. कॅशियर म्हणाला, भाजी. तिसरी मी, सासर शेजारच्या गल्लीत, म्हणून घर वेगळं धरलं. खरं गाणं लहानपणापासून ऐकलेलं, तरी चार दिवसांच्या त्या कल्लोळाने माझ्याही तोंडून भाजीच निघाली. आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पडद्यामागून मावशी कडाडली, "कुठली भाजी, मेले! आला असता तर गाणं कशाला केलं असतं?" आणि तिथूनच तिने दोन्ही ओळी खणखणीत म्हटल्या.

साहेबांनी यंत्र बंद केलं. "तिघांचं जुळलं. परंपरा सिद्ध झाली. या बाईंचं मात्र चुकतंय, यांचं घेता येणार नाही."

"अहो, गाणं तिचंच आहे! उद्या तिचा आवाज जाणार आहे!" मी हात जोडले.

"एका गाण्याला तीनच माणसं," म्हणत त्यांनी वायर गुंडाळली.

सोमवारी ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला.

चार महिन्यांनी कार्यालयाचं पत्र आलं, गाणं स्वीकारलं म्हणून. आम्ही दोघी गेलो. कार्डावर लिहिलं होतं: "क्रमांक २१२. प्राचीन गीत. कर्ता अज्ञात. तिसऱ्या मुद्रणात मागून एका बाईचा व्यत्यय."

मावशीच्या कानाला हेडफोन लावला, एका बाजूने मीही कान टेकवला. माझी भाजी आली. मग मावशी कडाडली, मग गायली. खणखणीत. मावशीने टेबलावर इस्त्री आपटावी तशी मूठ आपटली आणि बोटाने खूण केली: पुन्हा. सात वेळा ऐकलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला तर हुंदका आवरेना.

साहेबांना वाटलं, आम्हाला लाज वाटतेय. "काळजी करू नका. नवीन यंत्र येतंय, तेवढा व्यत्यय पुसून टाकतो."

मावशीने त्यांची कॉलर धरली. जिला बोलता येत नाही तिची पकड काय असते ते त्यांना त्या दिवशी कळलं.

"भाजी पुसा हवी तर," मी म्हणाले, "पण व्यत्ययाला हात लावलात तर याद राखा!"

कॉलर सुटेना तेव्हा साहेबांना एक नियम आठवला: जे मुद्रण दर महिन्याला कोणीतरी मागून ऐकतं, त्याला कार्यालय हात लावत नाही. तेव्हापासून दर पहिल्या मंगळवारी दुकान बंद ठेवून आम्ही जातो. फॉर्मवर "काय ऐकायचे आहे" असा रकाना आहे. त्यात मी लिहिते, "व्यत्यय." खाली मावशी सही करते.