नव्या साखळीची कटकट

आधी कपातला चहा संपवा, मग सांगतो. नाहीतर हसताना नाकातून येईल. एका भल्या माणसाला मी भर बाजारात खोटं पाडायला निघालो होतो, आणि कशापायी, ते ऐकलंत तर माझ्या मास्तरकीवरचा तुमचा विश्वासच उडेल.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. मी देवळाली प्रवऱ्याला शाळेत गणित शिकवायचो आणि रविवारी सायकलवरून चार मैलांवरच्या ख्रिस्ती वस्तीवर उपासना घ्यायला जायचो. सायकलची साखळी इतकी खडखडायची, की मी ओढ्यापलीकडे असतानाच लोक गायनाची पुस्तकं उघडून बसायचे! सुटे भाग तर औषधालाही मिळत नव्हते. आमच्या गेनबा मिस्त्रीनं नगरला खेपा घालून कशीबशी एक कोरी साखळी मिळवली आणि बसवून दिली.

पहिल्याच दिवशी, कट्! उजवं पायडल वर आलं की कट्. दर फेऱ्याला.

झालं, माझं डोकं फिरलं. बाजाराच्या दिवशी चारचौघांत गेनबाला म्हणालो, जुनी साखळी तेलात बुडवून माझ्या गळ्यात मारलीस. त्याचा चेहरा उतरला. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायला लागली. मास्तर कशाला खोटं बोलेल?

"मास्तर," तो म्हणाला, "साखळीचा एक फेरा हुईस्तवर पायडलचे दोनाहून जास्ती फेरे हुत्यात. खोट साखळीत असती, तर दर पायडलला वाजलं नसतं."

गणिताच्या मास्तरला हिशेब शिकवतो! आणि खरं सांगू? हिशेब बरोबर होता. म्हणून तर जास्त राग आला.

त्यानं पायडल उघडून तेल दिलं. कट्. पायडलच्या दांड्याची, क्रँकची, पिन बदलून ठोकली. कट्. मग स्वतः बसून बाजारात चक्कर मारून आला, तर सायकल गप्प! तू काडीपैलवान, ती माझ्याच वजनाला वाजते, असं मी ठणकावलं. लोकांनी माना डोलावल्या. माझं वजन सगळ्यांनाच मान्य होतं.

गेनबानं सायकल स्टँडवर घेतली, साखळी काढून हातात धरली आणि मला वर बसवून पायडल मारायला लावलं.

कट्.

साखळी याच्या हातात, मग वाजतंय काय? त्यानं मला उतरवून दुकानाच्या फळीवर बसवलं.

"आता नुसता पाय हलवा."

हलवला. कट्.

अहो, तो माझा उजवा गुडघा होता! किती वर्षं वाजत होता, देव जाणे. जुन्या साखळीच्या खडखडाटात कधी ऐकूच आला नव्हता. नवी इतकी मुकाट चालली, की तो उघडा पडला.

बाजार पोट धरून हसला. गेनबा मात्र हसला नाही, आणि तेच मला फार लागलं. मी उभा राहिलो आणि ज्या आवाजात आरोप केला होता, त्याच आवाजात म्हणालो, "गेनबा, साखळी चोख, तुझं काम चोख. चूक माझी. माफ कर मला."

त्यानं शांतपणे साखळी परत चढवली, हात पुसले.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. काही जनांची अक्कल गुडघ्यात असती म्हनत्यात. तुमची निदान वाजती तरी."