व्हिजिटचे हातमोजे

"ए, हात पदराखाली घे. फोटोत येतायत."

आमच्या कारखान्याचा सुपरवायझर हे माझ्याच वाडीत, समाजमंदिरासमोर, सगळ्यांदेखत बोलला.

माझे हात पिवळे. महाडच्या एमआयडीसीत रंगाचा एक छोटा कारखाना हाय, तिथं मी पिशव्यांत पावडर भरते. सात वर्षं. साबणानं घासा, राखेनं घासा, पिवळं जात नाय. बोटांची टोकं तर मेलीच. कढत चहाचा पेला धरते, काय समजत नाय.

त्या दिवशी शेठ आमच्या बौद्धवाडीतल्या पोरांना दप्तरं वाटत होते. दप्तरावर कारखान्याचं नाव, हे मोठ्ठं. माझी लेक चौथीत. तिच्या हातात दप्तर दिलं आणि फोटोसाठी मला बाजूला उभी केली. मी हात पदराखाली घेतले. गपचूप. लाज वाटली असं पण नाय. काहीच वाटलं नाय. लेक मात्र फोटोवाल्याकडं सोडून माझ्या पदराकडं बघत होती.

घरी आल्यावर म्हणाली, "आये, तू काय चोरलंस?"

मी भाकरी थापत होते. थापतच राहिले.

कारखान्यात एक कपाट हाय. त्यात हातमोजे, मास्क, बूट. कोरे करकरीत. आम्ही त्याला व्हिजिटचं कपाट म्हणतो. बाहेरचे साहेब येणार असले की कुलूप निघतं, साहेब गेले की सगळं परत आत. एकदा उमरठकडची एक नवी बाई साहेब गेल्यावर पण मोजे घालून तशीच कामाला बसली. सुपरवायझर खेकसला, "घाण करशील ना ते!" आम्ही सगळ्या फिदीफिदी हसलो. मी पण हसले. त्याचं आज वाईट वाटतं.

पुढच्या आठवड्यात आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीची मॅडम आली. कारखाना समाजासाठी काय करतो, ते ती कामगारांना विचारून कागदावर लिहीत होती. आम्ही मोजे चढवून रांगेत. काय बोलायचं ते आधीच पढवलेलं. माझ्या पुढच्या दोघी तेच बोलल्या, दप्तरं दिली. मॅडमनं लिहिलं.

मग मला विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं कंपनीबद्दल?"

सुपरवायझर मागंच उभा होता. मला लेकीचा सवाल आठवला. मी मोजे काढले आणि दोन्ही हात तिच्या कागदावर ठेवले.

"दप्तर मिळालं, मॅडम. हे मोजे आता परत कपाटात जातील. ते पण लिवा."

तिनं माझ्या हातांकडं बघितलं. काहीतरी लिहिलं. इंग्रजीत होतं, मला वाचता आलं नाय.

तिची गाडी गेली. बायका एकेक करून मोजे कपाटात ठेवायला लागल्या. मी माझे परत हातात चढवले, पोत्यापाशी बसले आणि पावडर भरायला घेतली. मोजे पिवळे झाले.

"उद्यापासून येऊ नकोस," सुपरवायझर म्हणाला.

"येणार. आणि मोज्याशिवाय पावडरीत हात घालणार नाय."

संध्याकाळी घरी गेले. लेकीसमोर दोन्ही हात पसरले. म्हटलं, बघून घे. चोरी मी नाय केली.