गुडघे पाहणारा नालबंद

धरमपेठेतल्या टांगा अड्ड्यावरचा नालबंद घोड्याचे दात नंतर पाही, आधी घेणाऱ्याचे गुडघे. साठीनंतर मला पुन्हा रपेटीची हौस आली आणि एका काठेवाडी घोडीवर मन बसलं. त्यानं मला समोरच्या ओट्यावर तीनदा चढ-उतार करायला लावलं. तिसऱ्यांदा मी भिंत धरली.

“काकाजी, हे नोका घेऊ. लय उंच आहे. पडले तं उठवन कोण?”

मी चिडलो. त्यानं एक बुटकी भीमथडी घोडी आणून तिच्या कानाशी डबा बडवला. तिनं फक्त शेपटी हलवली. तीच घेतली, अजून तिनं मला पाडलेलं नाही.

पहिल्या दिवशी मात्र तिच्याही रिकिबीत पाय पोचेना. लोक पाहत होते. नालबंदानं खाली बसून आपला गुडघा पुढं केला.

“ठेवा पाय. कोणी विचारलं तं सांगीन, खूर पाहून राहिलो.”