झिल्फामावशीने दिलेला दाखला

लोंबार्ड स्ट्रीटवर बोलवा अशी, की झिल्फा गनेलच्या कविता मुळी तिच्या नाहीतच. ती ज्यांचे शर्ट धुते ते क्वेकर पंथाचे गृहस्थ, मिस्टर एल्वुड, त्या लिहितात आणि मळक्या कपड्यांच्या गाठोड्यातून धाडतात.

साफ खोटं! तीन वर्षं मी मावशीकडे इस्त्री शिकतेय. ती कविता करते इस्त्री करता करता. एक ओळ, एक बाही. यमक अडलं की कॉलर करपते. मिस्टर एल्वुड तिच्या निम्म्या कवितांचा पुरावा गळ्याभोवती घालून फिलाडेल्फियाभर हिंडतात.

यंदा तिने लीयावर कविता केली. लीया तिची धाकटी बहीण. मेरिलंडमधून विकली गेली, खाली दक्षिणेत. कुठे, देव जाणे. कविता गुलामगिरीविरोधी साप्ताहिकाला पाठवली, तर संपादकांचं उत्तर आलं: कविता उत्तम, मात्र ती तुम्हीच लिहिल्याचा कुणा प्रतिष्ठित गोऱ्या गृहस्थाचा दाखला जोडा, नाहीतर तुमचं नाव गाळून छापू.

बातमी कळताच मिस्टर एल्वुड दाखला घेऊन हजर. पंथाच्या रीतीने ते सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतात, तेही नाकातून. त्यांची पाठ वळली की मी त्यांची हुबेहूब नक्कल करते.

“झिल्फा, मी लिहिलंय, की तू सद्गुणी आहेस, तू कष्टाळू आहेस...”

“आणि तुमची तुटकी बटणं लावते. तेही घाला की!”

“तू रागावलीस?”

“लीयाला वाचता येत नाही, मिस्टर एल्वुड. कुणी वाचून दाखवलंच, तर पहिलं नाव तिच्या कानावर माझं पडायला हवं. बहीण जिवंत आहे एवढं तरी कळेल तिला. तुमचं नाव ऐकून ती काय करणार?”

ते गेले. मावशीने इस्त्री शेगडीवर ठेवली आणि कागद ओढला. मी खांद्यावरून वाचलं: ‘मी, झिल्फा गनेल, कपडे धुणारी, दाखला देते की संपादकांचे अग्रलेख मी सहा वर्षं वाचत आले आहे, आणि ते त्यांनी स्वतःच लिहिलेले आहेत. कुणा काळ्या बाईचा हात लागला असता तर इतके लांबले नसते.’

“अगं मावशी, कविता चुलीत जाईल अशाने!”

“छापतील. नावासकट.”

“पैज?”

“पैज. हरलीस तर आठवडाभर सगळ्या कॉलरी तुझ्या, आणि नकला बंद.”

“आणि तू हरलीस तर?”

“तर दुसरा दाखला लिहीन. याहून तिखट.”

तिसऱ्या अंकात कविता आली. वर ठळक ‘झिल्फा गनेल’, खाली तिचा दाखला, शब्द न बदलता. गोऱ्या गृहस्थाची एक ओळ नाही. मावशीने तो अंक दक्षिणेला निघालेल्या एका खलाशाच्या कोटाच्या अस्तरात शिवला, टाके बारीक घालून.

त्या आठवड्यात मिस्टर एल्वुड तीनदा आले. “तू आज गप्प का?” त्यांनी मला नाकातून विचारलं. मी ओठ घट्ट मिटून कॉलर करत राहिले.